डमीचा बाप

नाटकाच्या तालमीला खरी तलवार कुणी आणत नाही. झाडूचा दांडा पुरतो. राजा तो दांडा उपसतो, प्रधान थरथर कापतो आणि सगळं यथासांग पार पडतं. प्रयोगाच्या दिवशी मात्र दांडा विंगेत राहतो आणि तलवार कमरेला येते. चुकून दांडाच कमरेला राहिला, तर त्या शोकांतिकेचं काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक.

गाण्याच्या धंद्यातही असा एक दांडा असतो. त्याला म्हणतात डमी. हल्लीच्या गाण्यात चाल आधी होते आणि शब्द मागून येतात. संगीतकार की-बोर्डवर बोटं ठेवून 'ना ना ना' करतो. गीत लिहिणाऱ्याला खरे शब्द सुचेपर्यंत त्या 'ना ना ना'च्या जागी मात्रेला मात्रा बसेल असं काहीतरी टाकून ठेवावं लागतं. छत्री हरवली, चप्पल तुटली, मांजर पळालं, काहीही. त्याला अर्थ नसतो, मान नसतो. खरे शब्द आले की डमीनं मुकाट्यानं बाहेर जायचं, हा नियम.

ही गोष्ट बाहेर न गेलेल्या एका डमीची आहे, आणि तो ज्या बाईनं टाकला तिची.

तिला स्टुडिओत सगळे मात्राताई म्हणत. बोलणाऱ्याकडे तोंड आणि बोटांच्या पेरांवर अंगठा, अशी तिची कायमची बैठक. समोरचा भांडत असला तरी ही त्याच्या भांडणाच्या मात्रा मोजायची. खाली भाजीवाला ओरडला की खिडकीतून सांगायची, "दादा, 'ताजी' दोनदा म्हणा, ठेक्यात येईल." लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "एकाचंही आडनाव चालीत बसेना."

सुरुवात केली ती साबणाच्या जाहिरातींपासून. फेस, सुगंध, त्वचा असे निसरडे शब्द चालीत बसवता बसवता तिचा हात असा काही सरावला की पुढं प्रेम, विरह आणि पाऊस अगदीच सोपे गेले. मग गाणी आली. नाचाची, रुसव्याची, एकदा तर नुसत्या मोबाइलवर एक. टॅक्सीत वाजणारी, शाळेच्या संमेलनात पोरांनी हातवारे करून म्हटलेली, वरातीपासून निवडणुकीपर्यंत कुठंही खपणारी गाणी. त्यातली निम्मी तिची होती, आणि हे कुणालाही माहीत नव्हतं.

आता इथं कुणाचंही पित्त खवळावं. रेडिओवरची मुलगी गोड आवाजात सांगते, "ऐकू या मॅडमचं गाणं." मॅडमचं! मॅडमनं गायलं, कबूल. उत्तम गायलं, तेही कबूल. पण शब्द काय आभाळातून टपकले? नाटकाच्या जाहिरातीत निदान लेखकाचं नाव मुंगीएवढं तरी छापतात. इथं मुंगीलाही जागा नाही. एकदा केस कापून घेताना पार्लरवाली तिचंच गाणं गुणगुणत होती. मात्राताईला राहवेना. म्हणाली, "हे मी लिहिलंय."

"हो का?" पार्लरवाली म्हणाली, "मान खाली करा."

मात्राताईनं मान खाली केली. ही गोष्ट ती पुढं सगळ्यांना हसून सांगायची. असल्या अपमानांची तिला सवय होती. गीतकार म्हणजे पडद्यामागचा माणूस, पडदा ओढायचा आणि टाळी दुसऱ्याला पडताना ऐकायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. स्वतःच्या नावासाठी ती कधी भांडली नाही. भांडली ती एकदाच, आणि ती तिच्या बापासाठी.

तिचे वडील लिफ्टमन होते. शहरातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात जाळीच्या दाराची, पितळी दांडीची लिफ्ट होती. आत एक उंच स्टूल. मालकाचा नियम असा की प्रत्येक मजला आला की लिफ्टमननं मोठ्यानं सांगायचं, दुसरा मजला, लोकरीचे कपडे. तिसरा मजला, पडदे आणि चादरी. आता दैवाची थट्टा पाहा. हा माणूस जन्माचा तोतरा. 'दुसरा'तला दु आणि 'तिसरा'तला ति ही दोन अक्षरं त्याच्या ओठांच्या उंबरठ्याशी येऊन बसायची आणि काही केल्या बाहेर पाऊल टाकायची नाहीत.

एक शब्द मात्र कधी अडायचा नाही. वरच्या मजल्यावरून कुणी घंटी वाजवली की खालून ते ओरडायचे, "आलो, आलो!" तो कसा सुटा यायचा, पाण्यासारखा. पुढं त्यांच्या लक्षात आलं की अडणारा शब्द या 'आलो'च्या पाठीमागे बांधला तर तो ओढला जातो, इंजिनामागे डबा यावा तसा. घाईत 'आलो, आलो'चं झालं 'आलोलो'. मग "आलोलो... तिसरा मजला." घरी आले की "आलोलो... मीठ दे जरा." सुख असो, दुःख असो, आधी आलोलो.

आणि घरात त्याला उत्तर होतं. आई चुलीशी असो की आरशापुढं, मागं न वळता म्हणायची, "या, सावकाश या." नवऱ्याला नाही, त्या अडलेल्या शब्दाला म्हणायची. मग तो शब्द यायचा. जगातला प्रत्येक माणूस त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, "तिसरा हो, तिसरा, कळलं!" आईनं उभ्या संसारात त्यांचा एकही शब्द पुरा केला नाही. ती थांबायची. भात करपला तरी थांबायची.

शाळा सुटली की मुलगी लिफ्टच्या कोपऱ्यात दप्तरावर बसून असायची. एका दुपारी दोन झकपक कपड्यांचे तरुण आत शिरले. घ्यायचं काहीच नव्हतं. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. दर मजल्याला दोघं एका सुरात "आ-लो-लो-लो" करायचे आणि एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायचे. बाबा हसऱ्या चेहऱ्यानं दांडी ओढत राहिले.

ते गेल्यावर मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना ओरडला का नाहीत?"

"आलोलो... त्याला पण शब्दच लागतात ना, बाळ."

मात्रा मोजायची सवय तिला लागली ती तिथंच. बाबांचा शब्द किती वेळ अडेल, हे ती बोटांवर मोजायची.

पुढं दुकानात बटणांची लिफ्ट आली. तिला जाळी नव्हती, स्टूल नव्हतं, माणूस तर नव्हताच. बाबांना गोदामात कापडाच्या घड्या घालायला बसवलं. तिथं कुणाला काही सांगायचं नव्हतं. पोरगी साबणाच्या जाहिराती लिहू लागली तेव्हा ते होते, गाणी लिहू लागली तेव्हा नव्हते.

आता ते गाणं. टायरच्या दुकानावर एक बुटका स्टुडिओ होता, तिथं संगीतकार बसायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस गुणी, पण सदा घाईत, जणू खाली गाडी चालू ठेवून आलाय. त्यांनी नाचाची एक चाल बांधली होती. मुखड्यात चार मात्रा मोकळ्या आणि मग एक छोटंसं वळण.

"ताई, इथं काहीतरी टाका हो. डमी. ठेका तर धरू."

मात्राताईचा अंगठा पेरांवर फिरला आणि तोंडातून आपसूक निघालं, "आलोलो." पुढच्या वळणात तिनं काही शोधलंसुद्धा नाही. ते येऊनच उभं राहिलं: "या, सावकाश या."

"झकास!" मास्तर म्हणाले. "बसलं. आता उद्या खरे शब्द आणा."

तिनं घरी बसून खरे शब्द लिहिले. चांगले होते. ते घेऊन दुसऱ्या दिवशी ती टायरच्या दुकानाचा जिना चढली, तर मास्तर कानाला फोन लावून आनंदानं नाचत होते. मॅडमना सकाळीच परगावी जायचं होतं, म्हणून त्या भल्या पहाटे येऊन गाऊन गेल्या होत्या. डमीसकट! दांडा कमरेला तसाच राहिला होता.

"अहो, तो डमी होता!" मात्राताई म्हणाली.

"असू दे हो. मॅडमना फार आवडला. म्हणाल्या, काय गोड शब्द आहे, अर्थबिर्थ काही नाही."

उत्तर मात्र गेलं होतं. गाण्याच्या कंपनीच्या साहेबांनी ते काढून टाकलं होतं. म्हणाले होते, "सावकाश? नाचाच्या गाण्यात सावकाश? लोक काय गुडघे धरून जिना चढतायत?" आणि स्वतःच्या अकलेनं तिथं घातलं, "ये, धावत ये."

गाणं बाहेर पडलं आणि वणव्यासारखं पसरलं. रिक्षात आलोलो, हॉटेलात आलोलो, पाळण्यातलं पोर आलोलो. खरं सांगायचं तर मात्राताईला आधी मौजच वाटली. आईलाही. बाल्कनीत कपडे वाळत घालताना खालून पोरं गात गेली की आई भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणायची, "ऐकलंत? तुम्हाला कुणी एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. आता सगळं गाव अडखळतंय." फक्त एका गोष्टीवर ती कुरकुरायची. "ते 'धावत ये' कुणी घातलं गं? मी त्यांना जन्मात कधी धावायला लावलं नाही."

असंच चाललं असतं. पण मग काही वर्षांनी मॅडमच्या मुलाखती सुरू झाल्या.

पहिल्या मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, तो शब्द माईकसमोर आपोआप सुचला. ठीक. गाणारी माणसं तंद्रीत असतात, सोडून द्या. पण थापेला पाणी घातलं की ती वाढते. पुढच्या मुलाखतीत तो शब्द बालपणीचा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला त्या बालपणात एक आजी आली. आणि एका संध्याकाळी मायलेकी शेंगा सोलत टीव्हीपुढं बसल्या होत्या तेव्हा मॅडम डोळ्यांच्या कडा टिपत सांगत होत्या, "मी लहान असताना शाळेतून धावत यायचे, आणि दारातूनच आजीला हाक मारायचे, आलोलो! तो शब्द म्हणजे माझी आजी."

आईनं आवाज बंद केला. पडद्यावर मॅडम मुक्यानंच डोळे टिपत राहिल्या.

"ही मुलगी ना गं?" आईनं विचारलं.

"म्हणजे?"

"मुलगी 'आलो' कशी म्हणेल? 'आले' म्हणेल. बाकी सगळं बरोबर बोलतेय की. धावत यायचे म्हणाली, हाक मारायचे म्हणाली. मग दारात आली की तेवढ्यापुरती पुरुष होत होती काय?"

मात्राताई हसली. आई हसली नाही. तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"हसण्यावारी नेऊ नकोस. लोकांना टिंगल करायची होती तेव्हा तो शब्द ह्यांचा होता. तेव्हा नाही कुणाची आजी पुढं आली! आता टाळ्या पडायला लागल्या, तर लगेच हिच्या घरचा झाला? अगं, लाज वाटून हे रात्ररात्र घोकायचे, उद्या तरी 'दुसरा' नीट येऊ दे म्हणून. त्यातून आलेला शब्द आहे तो. आणि ही म्हणते आजीचा! तू लिहिलंस ना गाणं? तू नेलास ना तो घराबाहेर? मग तूच आण परत."

झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मात्राताईला भांडायला सांगितलं होतं, आणि सांगणारी तिची आई होती.

ती कंपनीत गेली. काचेचं दार, काचेचं टेबल, आणि त्यामागे साहेब, तेवढे मात्र अपारदर्शक. तिनं काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं आलात. मॅडमचा मोठा कार्यक्रम ठरलाय. आलोलो नव्यानं करतोय, नवा ठेका, सगळं नवं. तुमच्याकडून एक नवा अंतरा हवा."

"अंतरा देते. पण आधी मॅडमनी सांगायचं की तो शब्द त्यांचा नाही. माझ्या वडिलांचा आहे."

साहेब अशा प्रेमानं हसले की कुणालाही चीड यावी. "ताई, ताई! तो डमी होता हे तुम्हीच मास्तरांना म्हणाला होतात ना? डमीवर कुणाचा हक्क नसतो. डमीला कुठं बाप असतो?"

"ह्या डमीला होता," मात्राताई म्हणाली. "लिफ्टमन होता."

ती उठली. अंतरा दिला नाही.

साहेबांनी दुसरे गीतकार बोलावले. एकानं लिहिलेलं मॅडमना गुळगुळीत वाटलं, दुसऱ्याचं ओठांवर बसेना. मॅडम हट्टाला पेटल्या, अंतरा हवा तर तो तिचाच. साहेबांचे फोन सुरू झाले. सकाळी गोड, दुपारी कडक, संध्याकाळी केविलवाणे. इकडं मात्राताई घरात शिरली की आई रोज विचारायची, "आणलास?" भाजी आणलीस का, इतक्या साधेपणानं. आणि रोज 'नाही' म्हणताना त्या बाईचा जीव अर्धा व्हायचा. ज्या माणसाला उलट बोलता आलं नाही त्याची मुलगी शब्दांवर जगते आणि तिलाही उलट बोलता येत नाही, हे तिला झोपू देत नव्हतं.

शेवटी मॅडमचाच फोन आला. "तुम्ही स्टुडिओत या. समोरासमोर बोलू."

"मी पण येणार," आई म्हणाली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली.

स्टुडिओ आता टायरच्या दुकानावरचा नव्हता. गालिचा, मंद दिवे, मोठ्या काचेपलीकडे गायची खोली. मास्तर होते, केस पिकले होते, घाई तीच होती. मॅडम समोर आल्या. टीव्हीत दिसतात त्याहून बुटक्या, आणि थकलेल्या. खोटं कशाला बोला, बाई वाईट नव्हती. आयुष्यभर माईकपुढं उभं राहून पाय सुजलेले. अशा बाईला मुलाखतवाले रोज तोच प्रश्न विचारणार, आणि ती रोज काहीतरी नवं सांगणार. पण म्हणून दुसऱ्याच्या बापाला आजी करायचं?

"मला खरंच आठवत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "विचारलं की काहीतरी सांगावं लागतं. एकदा आजी म्हणून गेले, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती तिथंच राहिली."

"मॅडम, तुम्ही घरी आलात की काय म्हणता?" मात्राताईनं विचारलं.

"काय म्हणजे? 'आले' म्हणते."

"मग आजीलाच तेवढं 'आलो' का?"

इतकी वर्षं तो शब्द गाणाऱ्या बाईला त्यात 'आलो' दडलाय हे आज पहिल्यांदा ऐकू आलं. मास्तर पुटपुटले, "अरेच्चा." मात्राताईनं मग लिफ्ट सांगितली, घंटी सांगितली, तिसरा मजला सांगितला, ते दोन तरुण सांगितले. ठेका न मोजता सांगितलं, बोटं मुठीत मिटून.

मॅडम उठल्या. "उत्तर काय होतं म्हणालात? सावकाश या? ते परत घालू. कोण म्हणेल?" त्यांनी आईकडे पाहिलं. "आजी, तुम्ही म्हणाल?"

"मी तुझी आजी नाही," आई म्हणाली. "तुझी आजी त्या मुलाखतीत आहे."

साहेब कोपऱ्यात खोकले. मॅडमनी मात्र ते निमूटपणे झेललं. टाळ्या झेलणारी माणसं पुष्कळ असतात, पण चपराक अशी झेलायला अंगात नट लागतो.

आईला काचेआड एका खुर्चीत बसवलं, पुढं माईक ठेवला. वाद्यं सुरू झाली. मॅडमनी स्वर लावला, "आलोलो," रेशमासारखा, कुठं गाठ नाही. आता उत्तर यायचं. आई गप्प.

"आई, म्हणा ना," मास्तर काचेपलीकडून म्हणाले.

"कशाला म्हणू? हिचं काही अडलंय का?"

मॅडम समजल्या. मोठी कलावती ती. पुन्हा वाद्यं सुरू झाली. या खेपेला त्यांनी स्वर मध्येच धरला, तोडला, "आ... लो-लो-लो..." आवाज हुबेहूब अडखळला. मास्तरांनी बोटांनी 'वा' केलं.

आई ताडकन खुर्चीतून उठली. "नक्कल करू नकोस! नक्कल करणारे लिफ्टमध्ये पुष्कळ येऊन गेले."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सरळ गायलं तर शब्द खोटा, अडखळत गायलं तर टिंगल. इतक्या मोठ्या गायिकेला चार मात्रांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"मग मी करू तरी काय?" त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

आई माईकशीच उभी होती. तिनं पोरीकडे पाहिलं. "तुमच्यात तो खोटा शब्द असतो ना गं, खरा आला की बाहेर काढतात?"

"डमी."

"मग काढ की बाहेर. हिच्या तोंडात तो डमीच आहे. ह्यांची जागा आहे ना ती? मग मोकळी ठेव."

साहेब तीरासारखे आत आले. "अहो, आलोलोमधून आलोलो काढायचं? लोक त्यासाठीच येतात! मग गाण्यात राहिलं काय?"

"उत्तर राहिलं," मात्राताई म्हणाली. "आणि अंतरा. तो आत्ता देते. पण चार मात्रा मोकळ्या. त्यात ढोल नाही, टाळी नाही, काही नाही."

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना!"

मॅडम हेडफोन काढून उभ्या होत्या. "राहू दे मोकळं," त्या म्हणाल्या. "स्टेजवर सांगेन मी."

आणि सांगितलं. ज्याचं त्याला देऊन टाकावं, तसं सांगितलं. सभागृह खच्चून भरलं होतं, सगळे त्या गाण्याचीच वाट बघत होते. मॅडम माईकशी आल्या आणि म्हणाल्या, "हा शब्द माझा नाही. माझ्या आजीचाही नाही, ते मी खोटं सांगितलं. हा एका लिफ्टमनचा शब्द आहे. त्यांना बोलताना अडायचं, त्यातून तो आला. त्यांच्या मुलीनं हे गाणं लिहिलंय. म्हणून आज मी तो म्हणणार नाही."

लोकांना पुरतं कळलं की नाही, देव जाणे. ठेका सुरू झाला. मुखडा आला. आणि भर नाचाच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबली. रंगमंचावरचा थांबा काय असतो हे जुन्या नटाला विचारा. शब्दापेक्षा जड असतो तो, आणि पेलला नाही तर नटासकट खाली येतो. त्या रिकाम्या जागेत मागच्या रांगांतली पोरं न राहवून ओरडलीच, "आलोलो!"

विंगेत, पडद्याच्या दोरांपाशी, माईक हातात धरून आई उभी होती. "बघ, अजून नक्कल करतायत मेले," ती माईकवर हात ठेवून पुटपुटली. मग हात काढला. मागं न वळता, चुलीशी म्हणायची तशीच म्हणाली, "या, सावकाश या."

घरी परतताना टॅक्सीत रेडिओ लागला होता. जुनंच गाणं, तेच 'धावत ये'. ते कुठं जातंय! ते वाजतच राहणार, आणि रेडिओवरची मुलगी म्हणतच राहणार, मॅडमचं गाणं. मात्राताईनं ड्रायव्हरला ते बंद करायला सांगितलं. आई खिडकीबाहेर पाहत होती, कपाळाला आठी.

"काय झालं आई? सांगितलं ना त्यांनी सगळ्यांसमोर? आणला ना परत?"

"आणलास गं. पण ती जागा तू फार थोडी ठेवलीस. ह्यांना यायला याहून जास्त वेळ लागायचा."

"गाण्यात तेवढीच जागा असते, आई. चार मात्रा."

"मग गाण्याचं चुकतं," आई म्हणाली.